दहाव्या वर्षी क्रमवारी कशासाठी? महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटनेला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व पदाधिकारी,
महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटना



२०२५ च्या फेब्रुवारीत मुंबईत, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर, कोइमतूरची पंधरा वर्षांची माया राजेश्वरन पात्रता फेरीतून वर येत डब्ल्यूटीए १२५ दर्जाच्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोहोचली. तिथे तिला हरवणारी स्वित्झर्लंडची जिल टाइशमन पुढे विजेती ठरली. याच क्लबात २०१७ साली एकोणीस वर्षांची अरिना सबालेंका जिंकून गेली होती. बालेवाडीत २०१८ ते २०२३ या काळात, करोनाचे एक वर्ष वगळता, एटीपी २५० दर्जाची स्पर्धा भरली आणि २०२३ च्या जानेवारीत पुण्याचा पंधरा वर्षांचा मानस धामणे तिच्या मुख्य ड्रॉमध्ये वाइल्ड कार्डवर उतरला. अमेरिकेच्या मायकेल ममोहकडून तो ६-२, ६-४ असा हरला, पण घरच्या प्रेक्षकांसमोर त्याने त्या वयात जे पाहिले ते पैशाने विकत मिळत नाही. या स्पर्धा महाराष्ट्रात आल्या त्यामागे आपल्या संघटनेचे कष्ट आहेत, आणि त्याबद्दल राज्यातल्या टेनिसप्रेमींनी आपले ऋणी असले पाहिजे.

मात्र मानस त्या काळात इटलीतल्या बोर्दिघेरा गावी रिकार्दो पियाटी यांच्या अकादमीत शिकत होता. माया पुढे स्पेनमध्ये राफाएल नदालच्या अकादमीत गेली. तेरा-चौदा वर्षांनंतर गुणी मुलांनी परदेशी जाण्यात काहीच कमीपणा नाही. रोज तोडीस तोड खेळणारे साथीदार जिथे मिळतील तिथे त्यांनी जावेच. पण सहा ते बारा ही वर्षे कुणाला बोर्दिघेरात काढता येत नाहीत. ती सोलापुरात, लातुरात, नाशकात, पुण्याच्या एखाद्या गृहसंकुलातल्या कोर्टवर जातात. मुलाच्या हातात रॅकेट कशी बसते, चेंडूकडे ते धावत जाते की त्याच्यापासून मागे सरकते, हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा यावेसे वाटते की नाही, हे सगळे या सहा वर्षांत ठरून जाते. हे पत्र त्या वर्षांबद्दल आहे, आणि त्या वर्षांत मुलासमोर उभ्या असणाऱ्या पहिल्या प्रशिक्षकाबद्दल.

कोपाओनिक हे सर्बियातले डोंगरावरचे, स्कीइंगसाठी प्रसिद्ध असलेले ठिकाण. १९९३ च्या उन्हाळ्यात येलेना गेन्चिच तिथे मुलांचे टेनिस शिबिर घेत होत्या. समोरच पिझ्झाचे हॉटेल चालवणाऱ्या कुटुंबातला सहा वर्षांचा मुलगा कुंपणाबाहेर उभा राहून एकटक बघत राही. बाईंनी त्याला खेळायला बोलावले. तो आला तो बॅग भरून: रॅकेट, टॉवेल, पाण्याची बाटली, केळे, मनगटाला बांधायचे पट्टे, सगळे जागच्या जागी. आईने भरून दिली का, असे विचारल्यावर त्याने आपणच भरल्याचे सांगितले. नोव्हाक जोकोविचच्या टेनिसची ही सुरुवात, आणि ती पुढे बाईंनीही सांगितली, त्यानेही.

गेन्चिच स्वतः हँडबॉल खेळलेल्या होत्या, बेलग्रेडच्या टेलिव्हिजनमध्ये त्यांनी काम केले होते. मोनिका सेलेस लहानपणी त्यांच्याच हाताखाली शिकली होती. जोकोविचला एका हाताच्या बॅकहँडसाठी खांद्यातून पुरेसा जोर मिळत नाही आणि दोन हातांनी तोच फटका सहज निघतो, हे दिसल्यावर त्यांनी मुलाच्या शरीराचे ऐकले. आज टेनिसमधला सर्वोत्तम समजला जाणारा दोन हातांचा बॅकहँड तिथून घडत गेला. सरावाच्या जोडीने त्या त्याला पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकायला लावत. आणि तो बारा वर्षांचा झाला तेव्हा, आता आपल्याकडे याला देण्यासारखे फार उरले नाही, याला जर्मनीत निकी पिलिचकडे पाठवा, हे आईवडिलांना पटवून देणाऱ्याही त्याच होत्या. सहा वर्षे जीव ओतून घडवलेला शिष्य स्वतःहून दुसऱ्याच्या हवाली करायला फार मोठे मन लागते. २०१३ साली फ्रेंच ओपन सुरू असतानाच त्या गेल्या. जोकोविच तेव्हा पॅरिसमध्ये खेळत होता.

ॲश बार्टीला ब्रिस्बेनच्या जिम जॉइस यांनी, कार्लोस अल्काराझला मुर्सियाजवळच्या एल पाल्मार गावातल्या क्लबात किको नावारो यांनी लहानपणी शिकवले. अल्काराझचे वडीलही तिथेच टेनिसचे काम बघत. जगभरच्या टेनिसच्या बातम्यांत ही नावे निदान एखाद्या ओळीत तरी येतात. आपल्याकडे बातमीत अकादमी येते, प्रायोजक येतो, अलीकडचा प्रशिक्षक येतो. खेळाडूला रॅकेट पकडायला कुणी शिकवले हे बहुतेक वेळा कुणी विचारतच नाही.

आता चेंडूकडे पाहू. नियमाप्रमाणे नेहमीचा पिवळा चेंडू २५४ सेंटिमीटर उंचीवरून टणक जमिनीवर सोडला तर तो १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळावा लागतो. आठ वर्षांच्या मुलाची उंची सव्वाशे सेंटिमीटरच्या आसपास असते. मोठ्या माणसाच्या कमरेशी येणारा चेंडू या मुलाच्या कानाशी, कधी डोक्यावरून जातो. मग ते मूल काय करते? पकड रॅकेटखाली पार फिरवून घेते, बेसलाइनच्या दोन-तीन मीटर मागे जाते आणि चेंडू कसाबसा ढगात परतवते. शरीराने शोधलेली ही पळवाट असते. पुढे चौदाव्या वर्षी उंची वाढते, चेंडू कमरेशी येऊ लागतो, पण पकड आणि पाय मागे जाण्याची सवय तिथेच अडकलेली राहते. ती सोडवायला मग दोन वर्षे जातात. काहींची कधीच सुटत नाही.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने यावरचा उपाय केव्हाच दिला आहे. २००७ मध्ये त्यांनी लहान कोर्ट आणि मऊ चेंडूंची मोहीम सुरू केली आणि २०१२ पासून दहा वर्षांखालील स्पर्धांत नेहमीच्या पिवळ्या चेंडूला बंदी घातली. लाल चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा सुमारे ७५ टक्के हळू आणि त्याचे कोर्ट ११ मीटर लांबीचे. नारिंगी चेंडू ५० टक्के हळू, कोर्ट १८ मीटर. हिरवा २५ टक्के हळू आणि कोर्ट पूर्ण, म्हणजे २३.७७ मीटरचे. लाल चेंडूवर सात वर्षांचे मूल पहिल्याच आठवड्यात रॅली करू शकते, जाळ्याजवळ येऊन व्हॉली मारू शकते, कोन साधू शकते. म्हणजे टेनिस खेळू शकते. पिवळ्या चेंडूवर तेच मूल महिनोन्‌महिने रांगेत उभे राहून आपली पाळी आली की बास्केटमधला एक चेंडू मारते आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाते.

कागदावर हे कुणालाच अमान्य नाही. पण राज्यातल्या अनेक कोर्टवर संध्याकाळच्या लहान मुलांच्या बॅचला जाऊन पाहावे. बास्केटमध्ये मोठ्यांनी खेळून टाकलेले, लव झडलेले पिवळे चेंडू असतात, कारण ते फुकट मिळतात. मऊ चेंडू वेगळे विकत घ्यावे लागतात. त्यातच पालकांना लाल चेंडू म्हणजे बालवाडी वाटते. शेजारचा मुलगा पिवळ्यावर गेला आणि आपला अजून नारिंगीवरच, याची घरात चर्चा होते. एकटा प्रशिक्षक या दबावापुढे टिकत नाही. त्याच्या पाठीशी उभे राहायला संघटनाच लागते.

या सगळ्याच्या मुळाशी निकाल आहे. दहा-बारा वर्षांखालील गटात जिंकण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे उंच, संथ, कोर्टच्या मधोमध टाकलेला चेंडू. खेळाडू त्याला मूनबॉल म्हणतात. समोरचे मूल तितकेच बुटके असते. पाचव्या-सहाव्या चेंडूला ते चुकते आणि गुण मिळतो. जे मूल पुढे सरकून चेंडू वर चढतानाच मारायला बघते, ड्रॉप शॉट टाकते, सर्व्हिस करून जाळ्यावर येते, ते या वयात हरते, कारण हे फटके अवघड आहेत आणि ते जमायला चुकावे लागते. दुर्दैव असे, की मोठेपणीच्या टेनिसला नेमके हेच फटके हवे आहेत. अल्काराझचा खेळ पाहिला की वेग, ड्रॉप शॉट, जाळ्यावरची धाव आणि अचानक बदललेली लय यांचा मेळ दिसतो. तो मूनबॉलच्या शाळेतून येणार नाही. पण पालक शनिवार-रविवारचा निकाल बघून अकादमी बदलतात. दहा मुले सोडून गेली तर प्रशिक्षकाचे कोर्टभाडे निघत नाही. तो जिंकून देणारे टेनिस शिकवतो, आणि त्याला दोष देणे सोपे आहे. खरे तर तो आपण आखून दिलेल्या स्पर्धा-पद्धतीप्रमाणेच वागतो आहे.

पीट सॅम्प्रसची गोष्ट इथे आठवावी. चौदाव्या वर्षापर्यंत तो दोन हातांनी बॅकहँड मारत असे आणि कॅलिफोर्नियातल्या मुलांत चांगला जिंकत असे. मग विम्बल्डन डोळ्यांसमोर ठेवून त्याला एका हाताचा बॅकहँड शिकवायचे ठरले. तो हरू लागला. ज्यांना सहज हरवत होता तेही त्याला हरवू लागले. त्याच्या घरच्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी ते सोसले. १९९० मध्ये एकोणिसाव्या वर्षी त्याने अमेरिकन ओपन जिंकले आणि पुढे ग्रँड स्लॅम विजेतेपदे १४ पर्यंत नेली, त्यातली सात विम्बल्डनची. आपल्या राज्यात बारा वर्षांच्या मुलीचा प्रशिक्षक तिच्या वडिलांना जाऊन म्हणाला, ‘पुढचे वर्ष ही हरेल, पण सर्व्हिस दुरुस्त होईल,’ तर किती वडील मान डोलावतील? आणि डोलावली, तरी त्या वर्षात तिचे गुण गेले, क्रमवारी घसरली, पुढच्या स्पर्धेत थेट प्रवेश मिळाला नाही, तर त्या वडिलांची समजूत कोण काढणार?

नॉर्वेने या प्रश्नाला थेट हात घातला. तिथल्या बालक्रीडेच्या नियमांची सुरुवात १९८७ ची. मूल अकरा वर्षांचे होते त्या वर्षापर्यंत निकालांचे तक्ते आणि क्रमवारी नाही. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा तेराव्या वर्षाआधी नाही. या देशाची लोकसंख्या सुमारे पंचावन्न लाख, म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून होते त्याहून कमी, आणि वर्षाचे कितीतरी महिने बर्फ. तिथला कॅस्पर रूड २०२२ मध्ये जागतिक क्रमवारीत दुसरा आला आणि २०२२-२३ या दोन वर्षांत तीन ग्रँड स्लॅम अंतिम फेऱ्या खेळला. त्याचे वडील ख्रिस्तियान स्वतः व्यावसायिक खेळाडू होते, हेही सांगितले पाहिजे. सगळे श्रेय नियमाला देणे बरोबर होणार नाही. पण लहानपणी क्रमवारी नसल्याने त्याची भूक मेली नाही, एवढे तर उघड आहे.

यानिक सिनरचे उदाहरण याहून बोलके आहे. ऑस्ट्रियाच्या सीमेजवळच्या डोंगराळ भागातला हा मुलगा लहानपणी स्कीइंगमध्ये इटलीच्या सर्वोत्तम मुलांपैकी एक होता. टेनिस हा त्याचा दुसरा खेळ. तेराव्या वर्षी त्याने स्कीइंग सोडले आणि तो पियाटींकडे गेला. ज्युनिअर स्पर्धा त्याने मोजक्याच खेळल्या. ज्युनिअर क्रमवारीत त्याचा सर्वोच्च क्रमांक १३३ वा. २०२४ च्या जूनमध्ये तो मोठ्यांच्या क्रमवारीत पहिला आला. त्याच देशाची जास्मिन पाओलिनी २०२४ मध्ये फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन अशा लागोपाठ दोन अंतिम फेऱ्या खेळली तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती.

आपल्या देशात ज्युनिअर यश नव्हते असे नाही. विम्बल्डनचे मुलांचे विजेतेपद रामनाथन कृष्णन यांनी १९५४ मध्ये, रमेश कृष्णन यांनी १९७९ मध्ये, लिअँडर पेसने १९९० मध्ये मिळवले. युकी भांब्री २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचा ज्युनिअर विजेता झाला. चौघेही मोठे खेळाडू, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण एकेरीत मोठ्यांच्या ग्रँड स्लॅमची अंतिम फेरी यांपैकी एकालाही गाठता आली नाही. सर्वात जवळ रामनाथन गेले, १९६० आणि १९६१ च्या विम्बल्डन उपांत्य फेरीपर्यंत. सतराव्या वर्षीचा चषकसुद्धा जर पुढची हमी देत नसेल, तर दहाव्या वर्षीच्या गुणतक्त्यावर आपण इतका विश्वास का ठेवतो?

स्पर्धा नकोतच, असे कुणी म्हणत नाही. मुलांना सामने आवडतात, आणि सामन्याशिवाय टेनिस शिकून होत नाही. प्रश्न सामन्यांच्या आखणीचा आहे. ३२ जणांच्या बाद फेरीच्या ड्रॉमध्ये एकूण ३१ सामने होतात आणि १६ मुले एकच सामना खेळून घरी जातात. लातूरहून रात्रभर प्रवास करून पुण्यात आलेले कुटुंब लॉजचे भाडे भरते, मुलगा चाळीस मिनिटे खेळतो, हरतो, आणि परतीच्या गाडीत वडील गप्प असतात. ज्याला सामन्यांची सगळ्यात जास्त गरज आहे त्यालाच ही पद्धत सगळ्यात कमी सामने देते. त्याच ३२ मुलांचे चार-चारचे गट केले तर प्रत्येकाला किमान तीन सामने मिळतात. सेट लहान ठेवले की दोन दिवसांत ते बसतात. जिल्ह्याजिल्ह्यांचे संघ करून साखळी लढती घेतल्या, तर हरलेल्या मुलाला निदान आपल्या संघासाठी ओरडायला उभे राहता येते. टेनिसमध्ये हा आनंद फार उशिरा मिळतो. कित्येकांना कधीच मिळत नाही.

दुखापतींकडेही पाहावे लागेल. मुलांच्या हाडांची टोके अजून वाढत असतात. तिथल्या कूर्चेवर रोज शेकडो सर्व्हिसचा ताण आला तर ती दुखावते. डॉ. नीरू जयंती यांनी शिकागोजवळच्या लोयोला विद्यापीठात सहकाऱ्यांसह बाराशेहून अधिक मुलामुलींचा अभ्यास केला. वयाच्या आकड्यापेक्षा आठवड्याचे सरावाचे तास जास्त असलेल्या मुलांत, म्हणजे दहाव्या वर्षी दहा तासांहून अधिक खेळणाऱ्यांत, अतिताणाच्या गंभीर दुखापतींचा धोका जास्त आढळला. शिस्तबद्ध सराव मोकळ्या खेळाच्या दुपटीहून अधिक झाला तरी तेच. हा हिशेब कुठल्याही पालकाला समजतो. तो प्रत्येक कोर्टच्या फाटकावर मोठ्या अक्षरांत लावावा.

मनावरचा ताण असा मोजता येत नाही, पण त्याची किंमत टेनिसने मोजली आहे. जेनिफर कॅप्रियाती १९९० च्या मार्चमध्ये, चौदावा वाढदिवस यायच्या आतच, व्यावसायिक झाली आणि पहिल्याच स्पर्धेत अंतिम फेरीत गेली. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये तिने स्टेफी ग्राफला हरवून सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर दोन वर्षांतच ती खेळापासून दूर गेली, आणि तिच्या खासगी आयुष्यातली पडझड जगभरच्या वर्तमानपत्रांनी छापली. ती परतली आणि २००१ मध्ये ऑस्ट्रेलियन व फ्रेंच ओपन जिंकली, हे तिचे बळ. तिच्यासारख्या मुलींच्या अनुभवामुळेच महिला टेनिसने १९९५ पासून अठरा वर्षांखालील मुलींच्या स्पर्धांवर मर्यादा घातली. त्याच काळात रिचर्ड विल्यम्स यांनी आपल्या मुलींना, व्हीनस आणि सेरेनाला, जिंकत असतानाच ज्युनिअर स्पर्धांतून बाहेर काढले, शाळा चालू ठेवली, आणि लोकांनी त्यांना वेड्यात काढले. सेरेना चाळिशीपर्यंत खेळली, व्हीनस त्याहूनही पुढे.

आता पहिल्या प्रशिक्षकाबद्दल. महाराष्ट्रातल्या जिमखान्यांत मार्कर नावाची एक जमात आहे. कोर्टवर पाणी मारणे, रोलर फिरवणे, रेषा आखणे आणि सभासदाला जोडीदार नसेल तेव्हा त्याच्याशी खेळणे हे त्यांचे काम. लहानपणी चेंडू उचलता उचलता खेळायला शिकलेली ही माणसे. त्यांच्यातलेच कित्येक पुढे मुलांना शिकवू लागले. चेंडू कसा येणार हे त्यांना समोरच्याच्या खांद्याकडे बघून कळते. शिकवण्याचे शास्त्र त्यांना कुणी शिकवले नाही, इतकेच. दुसऱ्या बाजूला चांगले शिकलेला, प्रमाणपत्रधारक प्रशिक्षक थोडे नाव झाले की सोळा-अठरा वर्षांच्या गटाकडे सरकतो, कारण पैसा आणि प्रसिद्धी तिथे आहे. सात वर्षांची बॅच नवख्या साहाय्यकाकडे जाते. सगळ्यात नाजूक वय सगळ्यात कमी अनुभवाच्या हाती पडते. ही रचना उलटी करणे आपल्या संघटनेला शक्य आहे. मार्करना आणि जिल्ह्यांतल्या प्रशिक्षकांना मराठीतून, त्यांच्याच गावी, फी न घेता लहान मुलांचे प्रशिक्षण शिकवता येईल; लहान मुलांच्या प्रशिक्षकाला वरच्या गटाच्या प्रशिक्षकाइतके मानधन देता येईल; आणि एखादी खेळाडू राज्याच्या संघात निवडली गेली की तिच्या पहिल्या प्रशिक्षकाला रोख बक्षीस देऊन त्याचे नाव निवडपत्रकातच छापता येईल.

इटलीच्या पुरुषांनी २०२३, २०२४ आणि २०२५ असा सलग तीन वेळा डेव्हिस चषक जिंकला. तिथल्या महिलांनी २०२४ आणि २०२५ चा बिली जीन किंग चषक. तिथल्या महासंघाने गुणी मुलांना एकाच राष्ट्रीय केंद्रात गोळा करण्याचा हट्ट सोडला, मूल ज्या प्रशिक्षकाकडे शिकते आहे तिथेच त्याला मदत पोहोचवली, प्रशिक्षक घडवण्यासाठी स्वतःची संस्था चालवली आणि देशभर छोट्या व्यावसायिक स्पर्धांचे जाळे पसरले. महाराष्ट्राला हे परके वाटण्याचे कारण नाही. प्रार्थना ठोंबरे बार्शीची. तिने २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झासोबत कांस्यपदक आणले. ऋतुजा भोसलेने २०२३ च्या हांगझो आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकले, आणि त्याआधी ती अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकत खेळली होती. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठातून दोनदा अमेरिकन महाविद्यालयीन विजेता झाला आणि मग जगात ६२ वा. दहावीच्या आधी शाळा सोडवणाऱ्या पालकांना ही उदाहरणे संघटनेने स्वतः सांगावीत. सुमित नागलने २०२३ मध्ये आपल्या बँक खात्यात नऊशे युरोच उरल्याचे सांगितले होते. तेव्हा तो देशातला अव्वल एकेरी खेळाडू होता. पुढच्याच वर्षी तो ६८ व्या क्रमांकापर्यंत पोहोचला. या खेळात पैसा किती उशिरा येतो आणि किती थोड्यांना, हे दहा वर्षांच्या मुलावर कर्ज काढून खर्च करणाऱ्या घराला कळले पाहिजे.

कोर्टच्या कडेला काय चालते तेही आपल्यापासून लपलेले नाही. लहान गटात मुले स्वतःच रेषेचा निर्णय देतात. चेंडू बाहेर गेल्याचे स्पष्ट दिसले नसेल तर तो आत धरायचा, हा नियम प्रत्येक मुलाला पाठ असतो. पण जाळीपलीकडून आईची किंवा वडिलांची नजर येते आणि बोट वर जाते. विम्बल्डनने २०२५ पासून रेषापंच काढून यंत्रावर भिस्त ठेवली. जिल्हा स्पर्धेत यंत्र येणार नाही. तिथे त्या मुलाचा शब्दच शेवटचा राहणार. त्याच वर्षापासून सामना चालू असताना प्रशिक्षकाने बाहेरून सूचना देण्याची वाटही आंतरराष्ट्रीय नियमांनी मोकळी केली. मोठ्यांसाठी ते ठीक असेल. बारा वर्षांखालील मुलांना मात्र यापासून दूर ठेवावे. प्रत्येक गुणानंतर कुंपणाकडे बघणारे मूल स्वतः विचार करायला शिकत नाही, आणि टेनिस हा एकट्याने विचार करण्याचा खेळ आहे.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल टेनिसच्या वर्तुळात फार कमी बोलले जाते. टेनिसमध्ये मूल आणि प्रशिक्षक तासन्‌तास एकत्र असतात, बाहेरगावी एकत्र प्रवास करतात. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा पोक्सो कायदा २०१२ मध्ये आला. संघटनेशी संलग्न प्रत्येक केंद्रावर प्रशिक्षकाची पडताळणी, प्रवासात पालक किंवा दुसरी जबाबदार व्यक्ती सोबत असणे आणि तक्रार ऐकायला नेमलेली महिला अधिकारी, या अटींशिवाय संलग्नता मिळू नये. यात सवलत नको.

क्रमवारीच नसेल तर निवड कशी करणार, हा प्रश्न आपल्याकडून येईल, आणि तो रास्त आहे. तेराव्या वर्षापासून क्रमवारी असू द्यावी. त्याआधी जिल्हासंघांच्या साखळी लढती पाहायला जाणकार निवडकर्ते पाठवता येतील, आणि त्यांनी जिंकणाऱ्याबरोबरच चांगले फटके मारून हरणाऱ्या मुलाचीही नोंद करावी. उशिरा उंची वाढणारी मुले, वर्षाच्या शेवटी जन्मलेली मुले आजच्या पद्धतीत वयोगटाच्या तारखेमुळेच मागे पडतात. नजर पुन्हा पुन्हा गेली तर ती सापडतील. अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या स्पर्धांची पद्धत एका राज्याला बदलता येणार नाही, हेही खरे. पण राज्य आणि जिल्हा पातळीवरच्या आठ, दहा आणि बारा वर्षांखालील स्पर्धा आपल्या हातात आहेत.

म्हणून विनंती एवढीच, की पुढच्या हंगामाचे वेळापत्रक जाहीर होण्याआधी कार्यकारिणीने यातले निदान तीन निर्णय घ्यावेत. बारा वर्षांखालील सर्व राज्य आणि जिल्हा स्पर्धा गटसाखळी पद्धतीने व्हाव्यात आणि त्यांचे गुण कुठल्याही क्रमवारीत धरले जाऊ नयेत. प्रत्येक जिल्हा संघटनेला लाल, नारिंगी आणि हिरवे चेंडू संघटनेने घाऊक खरेदी करून द्यावेत, आणि ते फक्त स्पर्धेच्या दिवशी न वापरता रोजच्या सरावात वापरले जातात का हे तपासायला कुणीतरी अचानक जाऊन पाहावे. आणि मार्कर व जिल्हा प्रशिक्षकांचा मराठीतला पहिला वर्ग बालेवाडीत न भरवता सोलापूर, लातूर किंवा जळगावसारख्या ठिकाणी भरवावा. त्याचा खर्च एखाद्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या खर्चापुढे अगदीच किरकोळ ठरेल. पहिल्या वर्षी पालक नाराज होतील, काही अकादम्या तक्रार करतील. त्यांना उत्तर देताना संघटनेने ठाम उभे राहावे, ही राज्यातल्या टेनिसप्रेमींची अपेक्षा आहे.

आपला,
एक टेनिसप्रेमी